स्क्रीन सर्व्हरवरून आली, तरी फॉर्म बागेत उघडला पाहिजे

प्रश्न : ताई, नमस्कार. दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी द्राक्षबागेच्या नोंदींचं अँड्रॉइड अॅप करतोय, कोटलिन भाषेत आणि कंपोज या स्क्रीन रचण्याच्या साधनात. फॉर्म सारखे बदलतात. खरड छाटणीला एक माहिती लागते, गोडी छाटणीला दुसरी, एक्स्पोर्टच्या प्लॉटला आणखी वेगळी. दर बदलाला मी नवं व्हर्जन काढतो आणि बरेच शेतकरी ते अपडेटच करत नाहीत. स्क्रीनचे भाग सर्व्हरवरून लोड करता येतात असं वाचलं. म्हणजे कोड डाउनलोड करायचा का? आणि किती भाग असे करावेत?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : कोड डाउनलोड करायचा नाही. हे आधी सांगते, कारण त्या वाटेनं गेलेलं अॅप प्ले स्टोअरवरून काढलं जाऊ शकतं. गूगलचा नियम असा की डेक्स, जार किंवा एसओ फाइलच्या रूपातला चालणारा कोड प्ले सोडून दुसरीकडून आणायचा नाही. वेबव्ह्यूतल्या (अॅपच्या आत उघडणाऱ्या वेबपानातल्या) जावास्क्रिप्टसारखा जो कोड इंटरप्रिटरमध्ये चालतो, त्याला यातून सूट आहे. रिअॅक्ट नेटिव्हवाले स्टोअरला वळसा घालून छोट्या दुरुस्त्या पाठवतात, त्या याच सवलतीत. तुमचं अॅप कोटलिनचं आहे, तेव्हा ही वाट तुम्हाला बंद. तुमच्या कामाला तिची गरजही नाही.

सर्व्हरवरून पाठवायचं ते स्क्रीनचं वर्णन. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा खिळे छापखान्याचे असत आणि मजकूर बाहेरून येई. तसे घटकांचे खिळे अॅपमध्ये आधीच भरलेले हवेत. कोणता कुठे लावायचा, एवढंच जेसनमधून (साध्या मजकुरात लिहिलेल्या डेटा फाइलमधून) यावं.

आता तुमचा फॉर्म घ्या. छाटणीची तारीख, बागेची अवस्था (पोंगा, फुलोरा, मणी सेटिंग, पाणी उतरणं), फवारलेलं औषध, प्रमाण, एकरी पाणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) झालं असेल तर कितवं, आणि डाऊनी किंवा भुरी रोग दिसत असेल तर पानाचा फोटो. नीट पाहिलंत तर यात घटक पाच-सहाच आहेत : तारीख, आकडा, मजकूर, यादीतून निवड, फोटो, आणि हे एकत्र बांधणारा गट. द्राक्षाचं सगळं वर्ष एवढ्यात बसतं. प्रत्येक घटकाचं वर्णन म्हणजे त्याचा प्रकार, त्याचा आयडी, दिसणारं नाव, भरणं सक्तीचं आहे की नाही, आणि असलीच तर एखादी अट. कोटलिनमध्ये एका ‘व्हेन’मध्ये प्रकार पाहायचा आणि त्या-त्या प्रकारचं कंपोजेबल, म्हणजे तो भाग काढणारं फंक्शन, बोलवायचं. सुरुवातीला घटक कमीच ठेवा. नवा घटक आणायचा तर नवं व्हर्जन लागणारच. नव्या प्रश्नाला मात्र लागत नाही, आणि तुमची अडचण नव्या प्रश्नांचीच आहे.

ही सोय का हवी, याचं नाशिककरांना वेगळं उदाहरण द्यायला नको. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि माल अडकला. वाढ रोखायला वापरायचं ते औषध तोवर कोणाच्या फारसं डोळ्यांवर आलं नव्हतं. उद्या असंच एखादं नाव मध्येच पुढे आलं, तर ‘हे औषध या प्लॉटवर मारलंय का, कधी?’ हा प्रश्न त्याच आठवड्यात प्रत्येक बागायतदाराच्या फोनवर दिसायला हवा. स्टोअरची तपासणी, मग अपडेट, मग ‘वायफाय मिळालं की करतो’, एवढी वाट पाहायला काढणीच्या तोंडावर वेळ नसतो. आमच्या घरची बाग दिंडोरीकडेच आहे, त्यामुळे हे मी कळकळीनं लिहिते आहे.

माझं पहिलं मागणं मात्र वेगळंच आहे : नेट नसताना फॉर्म उघडला पाहिजे. फवारणी पहाटे होते. नोंद कधी ट्रॅक्टरशेजारी उभं राहून होते, कधी संध्याकाळी पडवीत. दोन्हीकडे रेंजचा भरवसा नाही, आणि पेठ-सुरगाण्याकडे गेलात तर डोंगराआड ती असतही नाही. फॉर्म उघडताना सर्व्हरला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गोल फिरवत बसायचं, ही रचना ऑफिसच्या वायफायवर छान दिसते. बागेत ती निकामी आहे.

म्हणून फॉर्म तीन जागी हवा. एक अॅपच्या आतच, असेट्समध्ये. इन्स्टॉल केल्या केल्या नेट गेलं तरी काहीतरी उघडावं म्हणून. दुसरा फोनवर साठवलेला, शेवटचा नीट तपासलेला. तिसरा सर्व्हरवरचा ताजा. स्क्रीन नेहमी फोनवरच्या प्रतीतून काढायची. ताजा फॉर्म आणण्याचं काम वर्कमॅनेजरला (मागे चालणारी कामं सांभाळणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीला) द्या, नेट असल्याची अट लावून. ईटॅग, म्हणजे आपल्याकडच्या प्रतीची खूण, पाठवलात तर फॉर्म बदलला नसेल तेव्हा सर्व्हर ३०४ (‘बदल नाही’) एवढंच म्हणतो आणि शेतकऱ्याचा डेटा वाचतो. नवी प्रत आली की आधी पूर्ण वाचून पाहायची : प्रत्येक आयडी एकदाच आहे ना, यादी रिकामी नाही ना, अटीत उल्लेखलेला घटक खरंच फॉर्मात आहे ना. यात काही चुकलं तर जुनी प्रत तशीच चालू ठेवायची आणि तक्रार सर्व्हरला कळवायची. शेतकऱ्याला त्यातलं काही दिसू नये.

नवी प्रत लागू कधी करायची, हेही ठरवून टाका. माणूस फॉर्म भरत असताना त्याच्या बोटाखालून स्क्रीन बदलू नका. पुढची नोंद उघडेल तेव्हा नवा फॉर्म, आणि अर्धवट राहिलेली नोंद ज्या फॉर्मवर सुरू झाली त्याच फॉर्मवर पूर्ण होऊ द्या. त्यासाठी प्रत्येक नोंदीबरोबर फॉर्मचा आवृत्ती क्रमांक साठवावा लागेल. पुढे वर्षाअखेरीस कोणी विचारलं की नोव्हेंबरातल्या नोंदींत अमुक रकाना रिकामा का, तर त्या वेळी तो प्रश्न फॉर्मातच नव्हता हे त्या क्रमांकावरून सांगता येईल. निर्यातीच्या कागदपत्रांत ‘विचारलं नाही’ आणि ‘भरलं नाही’ यांत फार मोठा फरक असतो.

आयडीबद्दल कडक राहा. दिसणारं नाव कितीही वेळा बदला. ‘औषध’चं ‘औषधाचं नाव’ करा, ‘फवारलेलं औषध’ करा. आयडी मात्र एकदा दिला की तोच, आणि रकाना काढून टाकला तरी त्याचा आयडी दुसऱ्या रकान्याला द्यायचा नाही. कंपनीतले कृषी अधिकारी स्वतः फॉर्म बदलणार असतील तर त्यांच्या पॅनेलमध्ये आयडी दिसूच देऊ नका, तो आपोआप तयार होऊ द्या.

जुन्या अॅपला न कळणारा घटक गेला तर काय होईल, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या अपडेट न करणाऱ्या शेतकऱ्यांमुळे तोच आधी येणार आहे. समजा तुम्ही पुढे सहीचा घटक आणलात. जुन्या अॅपकडे तो खिळा नाही. अॅपनं फॉर्म मागताना आपल्याला कोणते घटक काढता येतात त्याचा आवृत्ती क्रमांक कळवावा आणि सर्व्हरनं त्याला झेपेल तेवढंच द्यावं, हे सगळ्यात चांगलं. तरीही ‘व्हेन’ला ‘एल्स’ची फांदी ठेवाच. घटक ऐच्छिक असेल तर तिथे काहीच काढू नका. सक्तीचा असेल तर त्या जागी ‘हा भाग भरण्यासाठी अॅप अपडेट करा’ असं बटणासह लिहा, आणि बाकीचं जे भरलंय ते मसुदा म्हणून साठवा. वीस रकाने भरून झाल्यावर एका अनोळखी घटकापायी अॅप बंद पडलं, तर तो माणूस पुन्हा वहीकडे जाईल. त्यात त्याचं काहीच चुकत नाही.

कंपोजमधल्या दोन गोष्टी. फॉर्म लांब असेल तर लेझीकॉलम, म्हणजे दिसतात तेवढ्याच रांगा काढणारी यादी, वापराल. त्यातल्या प्रत्येक रांगेला ‘की’ म्हणून घटकाचा आयडी द्या. नाही दिलात तर रांगांची ओळख जागेवरून ठरते, आणि ‘डिपिंग केलं’ला ‘हो’ म्हटल्यावर मध्ये नवा रकाना आला की खालच्या रांगांची स्थिती एक-एक घर सरकते. दुसरं, भरलेली उत्तरं रांगेतल्या ‘रिमेंबर’मध्ये (रांगेच्या तात्पुरत्या स्मृतीत) ठेवू नका. रांग पडद्याबाहेर गेली की ती जातात. सगळी उत्तरं व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या भागात), आयडीवर बांधून, आणि प्रत्येक बदलाला फोनवरच्या डेटाबेसमध्ये. जेसन वाचण्याचं काम मुख्य थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन काढणाऱ्या धाग्यावर, नको. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात आणि शेतातले फोन काही महागातले नसतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, किती भाग असे करावेत. माझं मत ठाम आहे : जे तुम्हाला न विचारता बाहेरून बदलतं, तेवढंच. फॉर्ममधले प्रश्न, औषधांची यादी, सूचनांचा मजकूर, हे बाहेरून बदलतं. लॉगिन, मुख्य मेनू, साठवणं, सिंक ही कामं अॅपमध्येच राहू द्या. सगळी स्क्रीन सर्व्हरवरून आणण्याचा मोह होतो. एअरबीएनबीसारख्या मोठ्या कंपन्या तसं करतात हे खरं, पण अँड्रॉइड, आयफोन आणि वेब तिन्हीकडे एकच बदल एकदम पोचवायला त्यांच्याकडे वेगवेगळ्या टीम आहेत. तुम्ही एकटे आहात. सर्व्हरवरून येणारा प्रत्येक घटक म्हणजे जुन्या सगळ्या अॅप व्हर्जनांशी केलेला करार असतो, आणि तो तुम्हा एकट्याला पाळायचा आहे.

अटींचंही तसंच. ‘अवस्था फुलोरा असेल तर हा गट दाखवा’ इतकी अट जेसनमध्ये चालेल. पण त्यात कंसात कंस, बेरीज-वजाबाकी यायला लागली की तुम्ही एक नवी प्रोग्रॅमिंग भाषा तयार करताय आणि तिला ना कंपायलर आहे ना टेस्ट. पीएचआयचा (फवारणी आणि काढणी यांत सोडायच्या दिवसांचा) हिशेब तर कधीच तिथे टाकू नका. फवारणीच्या तारखेत त्या औषधाचे दिवस मिळवून काढणीची सगळ्यात लवकरची तारीख काढायची असते. एकाच प्लॉटवर चार औषधं मारली असतील तर त्यांतली सर्वांत उशिराची तारीख धरायची. दिवसांचा आकडा यादीतून येऊ द्या, तो बदलू शकतो. हिशेब मात्र कोटलिनमध्ये, टेस्ट लिहून. तिथे एक दिवस चुकला तर माल रेसिड्यूत (औषधाच्या अंशांच्या तपासणीत) फेल जातो आणि वर्षभराची मेहनत लोकल बाजारात मिळेल त्या भावाला विकावी लागते.

सुरुवात फवारणीच्या एकाच फॉर्मपासून करा. नवा फॉर्म आधी कंपनीतल्या चार-दोन विश्वासाच्या बागायतदारांना जाऊ दे, त्यांच्या नोंदी नीट आल्या की सगळ्यांना. आणि अॅपच्या प्रत्येक जुन्या व्हर्जनची एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) जपून ठेवा, नवा फॉर्म तिच्यावर उघडून पाहिल्याशिवाय पाठवू नका.

प्रश्न : मी प्रोग्रॅमर नाही, गृहिणी आहे. बिल भरायच्या एका अॅपमध्ये बटण दाबायला जावं तर वरून अचानक जाहिरात येते, सगळं खाली सरकतं आणि भलतंच दाबलं जातं. माझ्या फोनमध्ये बिघाड आहे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : तुमचा फोन चांगला आहे. अॅप बनवणाऱ्यांनी मागाहून येणाऱ्या भागाला जागाच राखून ठेवलेली नाही. बटणं आधी काढली गेली, जाहिरात दोन क्षणांनी पोचली, आणि तिनं स्वतःची जागा करून घेतली. यावर उपाय अगदी साधा असतो : जे उशिरा येणार त्याच्या उंचीएवढा राखाडी चौकोन पहिल्यापासून ठेवायचा. उंची माहीत नसेल तर तो भाग स्क्रीनच्या तळाला, बटणांच्या खाली ठेवायचा. पैशाचं बटण असलेल्या पडद्यावर तर वरचे सगळे भाग येऊन स्थिरावेपर्यंत ते बटण सुरूच करू नये. तुम्ही एवढं करा : स्क्रीन उघडल्यावर क्षणभर थांबा, आणि असं होतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून त्या अॅपच्या मदत विभागाला पाठवा. पैशाच्या अॅपमध्ये ही गोष्ट किरकोळ नाही, आणि रेकॉर्डिंग पाहिल्यावर कोणी ‘आमच्याकडे तसं होत नाही’ असं म्हणू शकत नाही.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र २०२७च्या सिंहस्थासाठी भाविकांना वाट दाखवणारं अॅप करतोय. नकाशा, घाटांची माहिती, हरवलेल्यांची नोंद, मराठी-हिंदी-इंग्रजी भाषा. अॅप फार मोठं झालंय. प्लेवर काही भाग ‘गरज पडेल तेव्हा’ उतरवण्याची सोय आहे, ती वापरावी का?
— इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सोय चांगली आहे. तुमच्या अॅपला ती कुठे वापरायची हे फार जपून ठरवायला लागेल.

आधी ती चालते कशी ते. प्लेवर नवं अॅप २०२१च्या ऑगस्टपासून अॅप बंडलच्याच (सगळ्या फोनांसाठीचे भाग एकत्र असलेल्या फाइलच्या) रूपात द्यावं लागतं. त्यातून प्ले प्रत्येक फोनला लागतील तेवढे तुकडे देतं. त्यातलाच एक प्रकार म्हणजे डायनॅमिक फीचर मॉड्यूल : अॅपचा एक पूर्ण भाग, कोडसकट, जो इन्स्टॉलच्या वेळी न येता मागितल्यावर येतो. तो प्लेमधूनच येत असल्यामुळे वर सिडकोच्या वाचकाला सांगितलेला नियम मोडत नाही. मूळ मॉड्यूलला त्या भागातले क्लास थेट माहीत नसतात, फीचर मूळावर अवलंबून असतं, उलट नाही. त्यामुळे कोडची मांडणी बदलावी लागेल. तुकडा उतरल्यावर अॅप बंद न करता लगेच वापरायचा तर स्प्लिटकॉम्पॅट ही प्लेच्या लायब्ररीतली सोयही लावावी लागेल. आयफोनवर असे कोडचे तुकडे मागाहून उतरवता येत नाहीत, चित्रं-नकाशे असं साहित्य आणता येतं.

आता गर्दीचा विचार करा. स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे लोटलेल्या माणसांच्या हातात एकाच वेळी फोन असतील. नेटवर्क आहे असं दिसेल, पण काही उतरणार नाही. अशा ठिकाणी ‘नकाशा पाहा’ दाबल्यावर डाउनलोड सुरू होणारं अॅप म्हणजे नसल्यासारखंच. तेव्हा नकाशा आणि हरवलेल्यांची नोंद हे भाग मूळ अॅपमध्येच ठेवा. आई-वडिलांपासून सुटलेलं पोर समोर उभं असताना टक्केवारीची पट्टी बघत बसायची वेळ कोणावर येऊ नये. घाटांचा इतिहास, फोटो, त्र्यंबकेश्वरची सविस्तर माहिती हे घरी बसून वाचायचं आहे, ते खुशाल मागाहून येऊ द्या. त्यासाठी उशिराच्या इन्स्टॉलची विनंती करून ठेवता येते. अॅप मागे असताना प्ले ते सवडीनं उतरवतं. ते नक्की कधी येईल याची हमी नसते, म्हणून निकडीच्या भागाला ही पद्धत नको.

आणि वजन नेमकं कशाचं आहे ते आधी मोजा. अँड्रॉइड स्टुडिओत एपीके उघडून पाहता येते. बहुतेक वेळा नकाशाच्या लायब्ररीपेक्षा सोबत भरलेली चित्रं जड निघतात, आणि ती वेबपी या हलक्या प्रकारात बदलून भागतं.

भाषेचं मात्र आजच दुरुस्त करा. बंडलमधून प्ले फोनच्या सेटिंगमध्ये असलेल्या भाषांचाच मजकूर उतरवतं. आपल्याकडे कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत असतो आणि अॅप त्यांना मराठीत हवं असतं. त्यांनी तुमच्या अॅपमध्ये ‘मराठी’ निवडलं, तर तो मजकूर फोनवर पोचलेलाच नसेल आणि स्क्रीन इंग्रजीच राहील. तुमच्या फोनवर हे कळणार नाही, कारण स्टुडिओतून थेट चालवलेल्या अॅपमध्ये सगळ्या भाषा असतात. दोन मार्ग आहेत : निवडलेली भाषा स्प्लिटइन्स्टॉलच्या (प्लेकडून तुकडे मागवण्याच्या सोयीच्या) विनंतीतून मागवायची, किंवा बंडलच्या सेटिंगमध्ये भाषेचे तुकडे करणंच बंद करायचं. तीन भाषांच्या मजकुराला वजन असं नसतंच. तुम्ही दुसरा मार्ग घ्या, आणि प्लेच्या अंतर्गत चाचणीतून, इंग्रजीवर ठेवलेल्या फोनवर अॅप उतरवून, मराठी निवडून पाहा.